'आधी दुखणं थांबू दे, मग बाकीचं बघू' : पाठदुखीच्या आड लपलेल्या डिप्रेशनची एक केस

जुनाट दुखण्यासोबत येणाऱ्या डिप्रेशनवर एक अख्खी केस सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी कौन्सेलर आहे, पेन क्लिनिकच्या टीमसोबत काम करते. खाली जे लिहिलंय ते कुणा एकाचं जसंच्या तसं नाही, अशा बऱ्याच पेशंटच्या गोष्टी एकत्र करून ही केस बांधलीय म्हणजे कुणाची ओळख लागायला नको, पण गोष्टी ज्या क्रमाने बिघडत जातात, घरात जी वाक्यं बोलली जातात आणि उपचार जिथे येऊन अडतात ते सगळं असंच असतं.

पेशंट पुरुष, वय 48, सुतारकाम करणारा. तीन वर्षांपूर्वी एक जड चौकट उचलताना कमरेत उसण भरली, दोनतीन दिवसात डाव्या पायात पार अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली, एमआरआयमध्ये एल4-एल5 ची डिस्क, म्हणजे कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, सरकून नस दबलेली दिसली आणि शेवटी ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं वाचून लोकांना वाटतं डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं. पायातली कळ गेली, पायाची ताकद परत आली. राहिली ती कंबर. सकाळी उठताना, अर्धा तास उभं राहिलं की, कधीकधी काहीच केलं नाही तरी. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला वैद्यकात क्रॉनिक पेन म्हणतात, म्हणजे हे केव्हाच त्या खात्यात जाऊन बसलं होतं, पण घरात मात्र रोज वाट बघणं चालू की आज ना उद्या थांबेल.

मग नेहमीचं चक्र. दुसरा एमआरआय, तिसरे डॉक्टर, कमरेत इंजेक्शन, पट्टा, मालिश, कुणी सांगितलेला काढा, परत पेनकिलर. प्रत्येक नव्या उपायाला आठवडा दोन आठवडे आशा आणि मग आधीपेक्षा जास्त खचणं. "रिपोर्ट तर चांगले आहेत, काळजी करू नका" हे वाक्य त्यांना जवळपास प्रत्येकाने सांगितलं, सांगणाऱ्याच्या मनात धीर द्यायचाच होता, पण ऐकणाऱ्याला ऐकू आलं ते असं की हा माणूस नाटक करतोय.

आमच्याकडे त्यांना घेऊन आल्या वहिनी, म्हणजे त्यांची बायको. आणि त्यांनी जे सांगितलं त्यात रडणं, उदास बसणं असलं काही नव्हतंच. "ह्यांना कशाचंच काही वाटत नाही आता. नाहीतर एकदम भडकतात. मुलाने दार जोरात लावलं तरी अंगावर जातात. पहाटे तीनला उठून बसतात ते बसतातच. मित्रांचे फोन वाजून वाजून बंद होतात." त्या आधी एका डॉक्टरांना हे बोलल्या होत्या, त्यांना उत्तर मिळालं की एवढं दुखतंय म्हणल्यावर माणूस असा होणारच, दुखणं कमी झालं की होईल सगळं ठीक.

याच उत्तरामुळे मी ही केस लिहायला घेतली. दुखतंय म्हणजे उदास असणारच, हे ऐकायला किती समजूतदार वाटतं, आणि याच समजूतदारपणामुळे हजारो लोकांचं डिप्रेशन वर्षानुवर्षं बिनउपचाराचं राहतं. कारण समजण्यासारखं आहे म्हणून आजार आजार राहत नाही असं थोडीच असतं, हाड कशाने मोडलं ते कळलं म्हणून आपण प्लास्टर घालायचं सोडत नाही ना. आणि दुखणं आधी जाऊ दे म्हणून थांबलं तर पंचाईत अशी की डिप्रेशन असताना दुखणं कमी होणंही अवघड होऊन बसतं, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत बसणार आणि माणूस मधल्यामध्ये भरडला जाणार.

पहिल्या भेटीत दादा, म्हणजे हे पेशंट, खुर्चीच्या कडेवर बसले, एक हात सतत कमरेवर. शून्य ते दहामध्ये दुखणं किती असं विचारायच्या आत "नऊ" म्हणाले. मी दुखण्याबद्दल त्यांना मनसोक्त बोलू दिलं, कारण तीन वर्षात मधे न तोडता कुणी ऐकलेलंच नव्हतं. मग एक प्रश्न विचारला जो मी अशा पेशंटना नेहमीच विचारते, की दुखण्यामुळे जे करता येत नाही ते बाजूला ठेवू, पण असं काय आहे जे दुखत असूनसुद्धा करता येईल आणि तरी तुम्ही सोडून दिलंय? ते बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. रेडिओ ऐकणं. ज्याच्यासोबत पंचवीस वर्षं काम केलं त्या जोडीदाराचा फोन उचलणं. मुलीच्या परीक्षेची चौकशी. दाढी. यातल्या एकाही गोष्टीला कंबर लागत नाही. जड चौकट उचलता येत नाही हे दुखणं झालं, पण रेडिओ लावावासा वाटत नाही हे दुखणं नाही, ते डिप्रेशन. घरच्यांनी एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी खूप आहे.

पीएचक्यू-9 म्हणून एक प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण मार्क 0 ते 27. दहापासून पुढे मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र आणि 20 पासून तीव्र. त्यांचे आले 18. आता यात एक मेख आहे, झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं हे प्रश्न नुसत्या दुखण्यानेसुद्धा वर जातात, त्यामुळे आकडा बघून लगेच शिक्का मारायचा नसतो. म्हणून आम्ही बघतो ते बाकीच्या प्रश्नांकडे : कशात रस वाटतो का, स्वतःबद्दल काय वाटतं, आपण घरच्यांना खाली पाडलं असं वाटतं का. तिथेही त्यांचं उत्तर 'जवळजवळ रोज' हेच होतं. "मी काय कामाचा उरलोय, मॅडम, घरात एक नग वाढलाय" हे त्यांचे शब्द.

आणि नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा. हा प्रश्न विचारायला घरचे घाबरतात, बरेच डॉक्टरपण घाईत टाळतात, वाटतं की विचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं. तसं होत नाही, सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "स्वतःहून काही करणार नाही, पण झोपेतच गेलो तर बरं असं रोज वाटतं." मग पुढचं पण विचारावं लागतं, कधी कसं करायचं असं काही ठरवलंय का, घरात काय आहे. ठरवलेलं काही नव्हतं, पण घरात तीन वर्षांच्या उरलेल्या गोळ्यांचा डबा होता, पेनकिलर, झोपेच्या, कसकसल्या. त्याच दिवशी वहिनींशी बोलून, दादांच्या समोर आणि त्यांच्या संमतीने, तो डबा घरातून हलवला आणि रोजच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवायच्या असं ठरलं. विचार जोर धरायला लागले तर आधी कुणाला सांगायचं, ते नसतील तर कुणाला, रात्री बेरात्री कुठल्या हेल्पलाइनला किंवा हॉस्पिटलला, हे कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असा डबा असेल आणि असा माणूस असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते काम करा प्लीज, आणि माणूस ठरवून काही बोलत असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता या सगळ्यात अवघड जागा कुठली, तर सायकिॲट्रिस्टचं नाव काढलं ती. दादा ताठ झाले. "म्हणजे माझं दुखणं खोटं? डोक्यातलं?" ही जागा नीट ओलांडली नाही तर पेशंट परत येत नाही, आणि त्याचं चुकत पण नाही, तीन वर्षं तेच ऐकलेलं असतं त्याने. मी त्यांना आंतरराष्ट्रीय पेन संघटनेची म्हणजे आयएएसपीची 2020 ची व्याख्या मराठीत समजावून सांगितली. त्यात दुखणं हा शरीराला जाणवणारा आणि मनाला जाणवणारा, दोन्ही मिळून एकच अनुभव धरलाय, आणि सोबतच्या टिपेत स्पष्ट आहे की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखायचा. म्हणजे जगातल्या पेनवाल्या तज्ज्ञांच्या लेखी तुमचं दुखणं खरं आहे, विषय संपला. मग पुढचं. नसेतून निघालेला सिग्नल मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, मणक्यांमधून जाणाऱ्या मज्जारज्जूतच तो कमीजास्त होतो. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये हे मांडलं, पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या पण मूळ मुद्दा टिकला. मेंदूकडून खाली मज्जारज्जूत येणारे काही रस्ते दुखणं दाबायचं काम करतात, त्यात सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनलिन ही रसायनं वापरली जातात, आणि मूडच्या कामातही हीच रसायनं असतात. सतत दुखत राहिलं, झोप मोडत राहिली, माणूस भीतीखाली राहिला की अख्खी मज्जासंस्था हुळहुळी होते, मग जखम भरली तरी दुखणं चालू राहतं.

हे ऐकून ते स्वतःच म्हणाले, "पावसाळ्यात दार फुगतं तसं. मोडलेलं काहीच नसतं, पण लागत नाही आणि कुरकुरतं." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं, पुढे आम्ही दोघं तेच वापरत राहिलो.

एमआरआयबद्दल पण बोललो, कारण 'झीज' हा शब्द त्यांच्या डोक्यात घर करून होता. 2015 मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या स्कॅनचा, त्यात 20 वर्षांच्या लोकांमध्येसुद्धा 37 टक्के जणांच्या डिस्कमध्ये झीज दिसली आणि 80 वर्षांच्यांमध्ये 96 टक्के. म्हणजे रिपोर्टमधला तो शब्द पांढऱ्या केसांसारखाच, वयाबरोबर येणारा. वाकलो तर काहीतरी तुटेल ही भीती त्यांना दुखण्याइतकीच जखडून होती.

औषधांचं सांगते, पण हे वाचून कुणी स्वतःचं स्वतः काही सुरू किंवा बंद करू नका. आधी तपासण्या झाल्या, थायरॉइड, बी12, लिव्हर, किडनी, ब्लड प्रेशर, कारण थायरॉइड कमी असेल तरी माणूस असाच दिसतो आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या पेनकिलर पोट आणि किडनी दोन्हींना त्रास देऊ शकतात. सायकिॲट्रिस्टनी ड्युलॉक्सेटिन सुचवलं, हे डिप्रेशन आणि काही प्रकारचं जुनाट दुखणं अशा दोन्हींसाठी वापरलं जातं. अडचण अशी की दादांना आधीपासून ट्रॅमाडॉल ही पेनकिलर चालू होती, आणि ही दोन्ही एकत्र घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जायची शक्यता असते, म्हणून सायकिॲट्रिस्ट आणि पेनचे डॉक्टर फोनवर बोलले, ट्रॅमाडॉल हळूहळू उतरवलं, एकदम तोडलं नाही, आणि मग 30 मिलिग्रॅमने सुरुवात करून पुढे 60. हा एक फोन किती केसेसमध्ये होतच नाही. पेशंट दोन डॉक्टरांच्या दोन फायली घेऊन फिरतो आणि एकाला दुसऱ्याच्या गोळ्या माहीत नसतात. तेव्हा सगळ्या गोळ्यांचा एकच कागद करा आणि प्रत्येकाला तोच दाखवा.

पहिले काही दिवस मळमळ, तोंड कोरडं, "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं" असं म्हणून ते सोडायच्याच बेतात होते. जेवणानंतर घ्यायला लावलं, मळमळ बसली. मूडवर फरक पडायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तग धरला. पहिला फरक त्यांना नाही, मुलाला जाणवला, "बाबा आज ओरडले नाहीत" म्हणाला.

पण गोळीने माणूस उठून कामाला लागत नाही, गोळी फक्त उठण्याइतकी ताकद देते. दादांची सवय अशी की एखाद्या दिवशी बरं वाटलं की इर्षेने चारपाच तास काम करायचं आणि मग तीन दिवस पलंग, आणि त्या तीन दिवसांत "बघ, आपल्याने होत नाही" हे अजून घट्ट. याला उतारा एकच, काम दुखण्यावर नाही तर घड्याळावर ठेवायचं. बरं वाटो न वाटो, ठरलेला वेळ झाला की थांबायचं. वाईट दिवशी सहज जमेल एवढंच घ्यायचं. कशापासून सुरू करायचं याच्यावर आम्ही बराच वेळ घालवला कारण चालायला जा, व्यायाम करा हे त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं. शेवटी ठरलं पटाशीला धार लावायची. त्यांची अवजारं तीन वर्षं गोणपाटात गुंडाळलेली होती, गंज चढला होता, मुलाला सांगून झालं होतं की विकून टाक. रोज दहा मिनिटं, टेबलाशी उभं राहून, दगडावर तेलाचे चार थेंब, एक पटाशी. जास्त नाही. सगळं जमत असलं तरी अकराव्या मिनिटाला ठेवून द्यायची.

पुढच्या भेटीत ते धार लावलेली पटाशी कागदात गुंडाळून घेऊन आले. धार कशी बघायची ते मला दाखवलं, कडा उजेडात धरायची, जिथे चमकते तिथे अजून बोथट आहे, चांगली धार चमकत नाही. दाखवताना कमरेवरचा हात निघाला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही, मी पण बोलले नाही. दुखणं किती विचारलं तर म्हणाले आठ.

म्हणजे दुखणं जवळपास तेवढंच होतं, आणि तरी माणूस हलला होता. उपचार चालतोय की नाही हे बघताना घरचे फक्त दुखण्याचा आकडा बघतात आणि निराश होतात, मी म्हणते आकडा राहू द्या, दिवसात काय काय परत आलं ते मोजा.

झोपेचं वेगळं काम करावं लागलं. दिवसभर पलंगावर पडून असायचे त्यामुळे रात्री पाठ टेकली की डोकं चालू. उठायची वेळ पक्की, दिवसा पलंग बंद, टेकायचं तर खुर्चीत, झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं. पहिला आठवडा फार वाईट गेला, पुढे झोप सलग व्हायला लागली, आणि रात्र चांगली गेली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं सुसह्य, हे त्यांनी स्वतः वहीत टिपून मला दाखवलं. फिजिओ सोबत चालूच होतं, वाकायचं, उचलायचं थोडंथोडं, भीती मोडायला. श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष द्यायचं जे ध्यान असतं ते मात्र त्यांना अजिबात जमलं नाही, लक्ष थेट कमरेत जाऊन बसायचं, तर आम्ही ते सोडून दिलं. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही.

वहिनींशी स्वतंत्र बोललो. दिवसातून वीस वेळा "दुखतंय का?" हा प्रश्न, हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेणं, सगळं प्रेमापोटी, पण त्यातून समोरच्याला संदेश एकच जातो की तू आजारी आहेस आणि तुझ्याने काही होणार नाही. आणि "जरा चांगला विचार करा ना" हे तर बंदच करायला सांगितलं. त्याऐवजी दुखण्याबद्दल बोलायचं असेल तर संध्याकाळी एकदा, नीट बसून, आणि बाकी दिवसभर दुसरं काहीतरी विचारायचं, ड्रॉवरचं मोजमाप, मुलीचं टेबल कुठल्या लाकडाचं करू. हे सांगताना त्या रडायला लागल्या, म्हणाल्या तीन वर्षात मला कसं वाटतंय हे कुणी विचारलंच नाही. सांभाळणारा माणूस पण बुडत असतो. त्यांच्यासाठी आमच्यातल्याच दुसऱ्या एका कौन्सेलरकडे वेळ घेतली.

दोनेक महिन्यांनी लांबचा प्रवास झाला आणि दुखणं परत नऊवर. "सगळं पाण्यात गेलं." असं होणार हे धरूनच आधी एक कागद केलेला होता : दोन दिवस सगळं अर्ध्यावर आणायचं पण बंद काहीच करायचं नाही, शेक, ठरलेली गोळी, जोडीदाराला फोन, स्कॅनला पळायचं नाही, आणि पायात ताकद कमी वाटली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिर झालं तरच लगेच हॉस्पिटल. पाचसहा दिवसांत ते जुन्या जागेवर आले. माझ्या मते या अख्ख्या उपचारातला सगळ्यात मोठा टप्पा हाच, दुखणं वाढलं आणि ते पलंगाला चिकटले नाहीत.

एक काम मात्र कुठल्याच कागदात बसलं नाही, ते म्हणजे गेलेल्या कामाचं दुःख. जड चौकटी, मोठी दारं हे आता परत होणार नाही, आणि हे होईल होईल म्हणत ढकलत राहण्यापेक्षा एकदा नीट रडून घेणं बरं. एका भेटीत ते फक्त त्याच्यावरच बोलले, कुठल्या घरात कुठलं दार केलंय, किती पल्ल्यांचं, कुठे सांधा अजून दिसत नाही. मी काहीही सुचवलं नाही.

सहा महिन्यांनी पीएचक्यू-9 चे मार्क 7, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्य. दुखणं सहाच्या आसपास, वाईट दिवशी आठ. जोडीदाराच्या वर्कशॉपमध्ये दिवसाआड दोन तास जातात, ड्रॉवर, छोटे सांधे, आणि एक नवीन पोरगा आहे त्याला रंधा मारायला शिकवतात. चिडचिड आहे अजून, पण नंतर मुलाशी येऊन बोलतात. ड्युलॉक्सेटिन चालू आहे, बरं वाटायला लागल्यानंतर निदान सहा महिने तरी ते चालू ठेवायचं आणि बंद करतानाही हळूहळू उतरवायचं, हे त्यांना दर भेटीत सांगावं लागतं कारण बरं वाटलं की पहिला प्रश्न "आता सोडू का?" हाच असतो. भेटी आता महिन्याला एक. पुढच्या वेळी कुठली पटाशी कशासाठी ते दाखवतो म्हणालेत, आणि वहिनींनी स्वतःच्या वेळा अजून सोडलेल्या नाहीत.